चिकन शेवटी घालायचं

प्रिय मार्नी,

दर मंगळवारी आपण फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस, "आई, बरी आहेस ना?" आणि माझ्या तोंडून "बरी आहे गं" असं निघून जातं. एकदा ते निघून गेलं की मागे फिरून दुसरं काही सांगता येत नाही. कागदावर निदान खोडता तरी येतं. सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. मोटेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत, ड्रायरसमोरच्या लांब टेबलाशी बसले आहे आणि माझ्या कोपराजवळ विजेवर दिवसभर मंद शिजवणारे सहा स्लो कुकर ओळीने मांडलेत. शिजत असताना झाकण उघडायचं नाही, उघडलं की आतली सगळी ऊब जाते, हे मीच इथल्या सगळ्यांना दटावून सांगितलं. आणि आज मीच दर दहा मिनिटांनी उठून एकेक झाकण उचलते आहे. फर्न ऑल्स्टन समोर खुर्ची टाकून बसली आहे. ती मघाशी म्हणाली, "ट्विला, आत कोंबडी जिवंत आहे का? सारखी उठून बघतेस ती?" फर्न तुला आठवत असेल, आपल्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचं हिरव्या दाराचं घर. एक्याऐंशी वर्षांची झाली. तिचं घर गेलं, जीभ मात्र शाबूत आहे.

पाण्याचं तू टीव्हीवर पाहिलंस तेवढं पुरे. मार्चच्या मध्याला शनिवारी सकाळी बांध फुटला आणि दुपारी आपल्या अंगणातून बर्फाचे, टेबलाएवढाले तुकडे वाहत होते. आम्ही दोन पिशव्या आणि तुझ्या बाबांचे बूट घेऊन निघालो. तेव्हापासून हमरस्त्याजवळच्या टेकाडावरचं हे मोटेल, खोली एकशे चौदा. दोन पलंग, एक बुटका फ्रिज, आणि खिडकीबाहेर रात्रंदिवस ट्रक. आपल्या हॅडली गावातली आम्ही अकरा कुटुंबं इथे आहोत. दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा कागद चिकटवलेला आहे. खोलीत स्वयंपाक केल्यास खोली सोडावी लागेल, हे त्यात जाड अक्षरात. पहिले काही आठवडे सगळे बर्गर, पिझ्झा आणि पाकिटातले वेफर्स खात होतो. तुझ्या बाबांचे पाय सुजायला लागले, माझं पोट बिघडलं. मग चर्चचा ट्रक आला. प्रत्येक कुटुंबाला एक कोरा स्लो कुकर आणि वर चिकनचे हवाबंद पत्र्याचे डबे. कुणा उदार माणसाने गोदामच दिलं असणार. खोल्यांपुढच्या मार्गिकेत माझ्या खांद्याएवढी थप्पी लागली. डबा उघडला की पाण्यात बुडालेले पांढरे तुकडे, त्यांना धड चव नाही, धड वास नाही. फर्नने कुत्र्याला घालून पाहिलं. ती सांगत होती, "त्याने आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, बाबा रे, माझंही तेच म्हणणं आहे."

खोली एकशे अठरात ब्रँडी नावाची मुलगी आहे, तुझ्याहून बरीच लहान. तिला चार वर्षांच्या जुळ्या मुली आहेत आणि नवरा दूर कुठे तेलाच्या विहिरींवर कामाला असतो. तिने पहिल्याच दिवशी उत्साहाने बटाटे, गाजर, पाणी आणि चिकनचे तीन डबे एकदम कुकरमध्ये टाकले आणि ती कामाला गेली. संध्याकाळी झाकण काढलं तर आत भिजलेल्या सुतळीसारखं काहीतरी. मुलींनी तोंड फिरवलं. मी धुतलेले कपडे घ्यायला बाहेर आले, तेव्हा ती मार्गिकेत भिंतीला टेकून रडत होती. "मला एक डबासुद्धा धड गरम करता येत नाही," म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही, तुला कुणी सांगितलंच नाही. डब्यातलं चिकन कारखान्यात आधीच शिजून आलेलं असतं. त्याला दिवसभर उकळत ठेवलं तर तंतू तंतू होणारच. बाकीचं सगळं सकाळी लावायचं. चिकन शेवटी घालायचं, जेवायच्या अर्धा तास आधी. आणि डब्यातलं पाणी ओतून द्यायचं नाही, तोच रस्सा, त्यात बटाटे शिजवायचे. फर्न दारातून ऐकत होती. म्हणाली, "बरोबर आहे. एका कोंबडीला दोनदा मारू नये."

तुला माहीतच आहे, शाळेच्या स्वयंपाकघरात आम्हाला सरकारी चिकनचे हे एवढाले डबे यायचे आणि तीनशे पोरं जेवायची. बुधवारी नूडल्स. तू रांगेत यायचीस, ताट पुढे धरायचीस आणि मला आई म्हणायची नाहीस, "कुबिकबाई, थोडे जास्त" असं म्हणायचीस आणि हसू दाबायचीस. मी तुझ्या कुस्करलेल्या बटाट्यांवर एक पळी जास्त ओतायचे. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, तो डबा परत कधी उघडायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ब्रँडीच्या खोलीत गेले आणि तिच्या कुकरमध्ये कांदा, बटाटे, मशरूम सूपचा एक डबा आणि मिरी घातली. साडेपाचला तिने चिकन आणि जाड नूडल्स टाकले. सहाला मुली जेवल्या. एक मुलगी ताट चाटत होती, दुसरी ते ताट ओढत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी चार बायका आणि एक म्हातारा उभा, प्रत्येकाच्या हातात कुकर.

गडबड झाली ती विजेची. सगळ्यांनी सकाळी आठला कुकर लावले की खटका पडायचा आणि आमच्या बाजूची पूर्ण मार्गिका अंधारात जायची. मॅनेजर डॉर्सी हा आपल्या शाळेतलाच, तुझ्या दोन वर्षं मागे. तो हातात ते नियमांचं पान घेऊन आला. म्हणाला, "कुबिकबाई, तुमचं जेवण जेवून मोठा झालोय, तुम्हाला कसं बाहेर काढू? पण मालकाने पाहिलं तर मलाच काढेल. खोलीत स्वयंपाक नाही म्हणजे नाही." फर्न म्हणाली, "आम्ही कुठे स्वयंपाक करतोय? आम्ही नुसती गरम व्हायची वाट बघतोय." तो हसला नाही, पण गेलाही नाही. शेवटी असं ठरलं की खोल्यांमधले कुकर बंद. कपडे धुण्याच्या खोलीतल्या वायरी जाड आहेत, तिथे सहा कुकर लावायचे आणि सगळ्यांनी मिळून तिथेच जेवायचं. तेव्हापासून माझी इथली नोकरी सुरू. सोमवारी पांढरा घेवडा, हिरवी मिरची आणि चिकन. मंगळवारी मका, बटाटे, दूध आणि चिकन. बुधवारी अर्थात नूडल्स. गुरुवारी वर पावाचा मसालेदार चुरा पसरायचा, खाली वाटाणे आणि चिकन. भात एकदाच केला, त्याची खळ झाली. डॉर्सी स्वतः रोज "तपासणीला" येतो आणि वाटी घेऊन जातो.

हे सगळं मी एवढं रंगवून का सांगते आहे? दिवसभर हाताला काम असावं म्हणून मी हे अंगावर घेतलं. हात थांबला की मला बसवत नाही. मी मार्गिकेतून या टोकाहून त्या टोकाला चालते, बर्फाच्या मशीनपर्यंत जाते, परत येते. तुझ्या बाबांचं मी तुला फोनवर काय सांगत आले? की ते रोज घरी जाऊन साफसफाई करतात. ते खोटं नव्हतं. सकाळी सातला बूट घालून निघायचे. मी दुपारी कुकरमधलं सुटं निघणारं मडकं टॉवेलात गुंडाळून, गाडीत पायाशी ठेवून त्यांच्याकडे न्यायचे. घराला आता दारं नाहीत, खालच्या भिंती कंबरेपर्यंत उघड्या, आणि गाळाचा तो गोडसर वास. ते मधल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून जेवायचे. पहिल्यांदा मला वाटलं, माणूस दुःखात आहे, सावकाश करतोय. मग लक्षात आलं की ते रोज एकच भिंत घासत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीखालची. ती स्वच्छ होती, लाकूड पांढरं निघालं होतं, आणि ते बादली भरून आणायचे आणि पुन्हा तीच. मी म्हटलं, "वेन्डेल, ही झाली की." ते म्हणाले, "आज सुरुवात करतोय, एका दिवसात होणार आहे का?" मी त्यांच्या हातात चमचा दिला. एका बुधवारी नूडल्स खाता खाता म्हणाले, "आज शाळेत हेच होतं वाटतं." मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत.

आणि मी ते लपवलं, मार्नी. मला ते छान जमतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, थकलेत, झोप होत नाही, ट्रकचा आवाज. त्यांनी दोनदा शर्ट उलटा घातला तेव्हा म्हटलं, घाईत होते. फर्नला फसवणं कठीण. ती एके दिवशी घेवडा निवडता निवडता म्हणाली, "माझ्या हॅरॉल्डच्या वेळी मी तीन वर्षं म्हणत होते की तो थकलाय. थकलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो, ट्विला. एवढंच सांगते." मी तिच्यावर चिडले. दोन दिवस तिच्या वाटीत कमी वाढलं. तिने ओळखलं आणि काही बोलली नाही, तिच्यासाठी ही केवढी गोष्ट.

मेच्या शेवटी एका दुपारी मी मडकं घेऊन गेले तर ते घरात नव्हते. बादली जिन्याशी, पाणी गार. मी हाका मारल्या, वरच्या मजल्यावर गेले, मागे नदीच्या बाजूला गेले. तिथे अजून चिखल इतका आहे की पाय घातला की बूट तिथेच राहतो. मी त्या चिखलात माणसाच्या पावलांचे ठसे शोधत होते आणि देवाला म्हणत होते, सापडू नयेत. सापडले नाहीत. मग गाडी घेऊन रस्त्या रस्त्याने निघाले. आपला अख्खा भाग रिकामा आहे, घरांवर तपासणी झाल्याच्या केशरी रंगाच्या फुल्या, कुठे माणूस नाही. ते कोपऱ्यावर सापडले, जिथे पूर्वी तुझी शाळेची बस थांबायची. तो खांबही आता नाही. ते तिथे टोपी हातात घेऊन उभे होते, केस नीट विंचरलेले. मी गाडीतून उतरले तर मला म्हणाले, "अगं, आज बस उशिरा आली बघ. मार्नी यायला हवी होती एव्हाना." किती वेळ उभे होते कुणास ठाऊक, कपाळ उन्हाने लाल झालं होतं. मी म्हटलं, आज शाळेतच थांबलीय. ते लगेच गाडीत बसले. "सांगायचं तरी," म्हणाले, "माणूस इथे काळजी करत उभा." मडकं मागच्या सीटवर कलंडलं होतं. जेवण सगळं गाडीत सांडलं आणि आम्ही दोघं तसेच त्यात पाय ठेवून मोटेलवर आलो.

त्यानंतर डॉक्टरकडे नेलं. बाई समजूतदार होत्या. त्यांनी पत्ता विचारला, तो बरोबर सांगितला. जुना फोन नंबरही सांगितला. महिना कोणता म्हटल्यावर म्हणाले, मका काढायची वेळ झालीय, म्हणजे ऑक्टोबर. मुलं किती? "एक मुलगी," म्हणाले, "पाचवीत आहे. गणितात कुणाला ऐकत नाही." आणि अशा तोऱ्यात माझ्याकडे बघितलं, की पुढचं तू सांग. डॉक्टरबाईही माझ्याकडे बघायला लागल्या. मला म्हणायला हवं होतं, ती अडतीस वर्षांची आहे, स्पोकेनला असते, आणि त्या बसच्या कोपऱ्यावरच्या दिवसापर्यंत बारा वर्षं यांनी तिचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मी गप्प बसले. खुर्चीची कड धरून ठेवली, आणि तेव्हा मला त्या रविवारचं टेबल आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते मी कधी विसरलेच नव्हते. फक्त त्याच्याकडे तोंड करून बसत नव्हते.

त्याबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. बारा वर्षं मी किराणा दुकानाच्या पार्किंगमधून तुला फोन करते, हवापाण्याचं बोलते, तुझ्या बढतीचं विचारते, आणि तू कधी एका शब्दाने काही म्हणाली नाहीस. बारा वर्षांपूर्वी नदीचं पाणी फक्त तळघरापर्यंत आलं होतं. पण मी घाबरले होते. मीच तुला शाळेतल्या फोनवरून सांगितलं, की तू तालुक्याच्या कचेरीत नोकरीला आहेस, सरकार नदीकाठची घरं विकत घेतंय त्याचे कागद घेऊन ये. मी विषय काढला तर बाबा ऐकणार नाहीत, तू सांगितलंस तर ऐकतील. हे माझे शब्द. तू आणलेस. जेवण झाल्यावर ताटाशेजारी ठेवलेस. त्यांनी ते वाचले नाहीत, फाडले. "माझ्या आजोबांनी हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं. ज्यांना नदीची भीती वाटते त्यांनी दुसरं घर बघावं. तुझं इथे काही नाही, सामान उचल आणि निघ." तू एकदा माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं नव्हतंस, नुसतं थांबली होतीस, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी रस्सा आणायला आत गेले. भांड्यात रस्सा भरपूर होता. मी नळ सोडून उभी राहिले, तुझ्या गाडीचं दार लागेपर्यंत. तू त्यांना सांगू शकली असतीस, की हे आईने मागवलेत. तू नाही सांगितलंस. माझं घर वाचवलंस आणि स्वतःचं सोडून गेलीस.

आता सरकारने पुन्हा कागद पाठवले. या खेपेला घर पाडणार, तिथे गवत लावणार. त्यांना मी हल्ली एकटं सोडत नाही, म्हणून मागच्या आठवड्यात ते कागद घेऊन आम्ही दोघं घरी गेलो. ते जिन्यावर बसले. मी आधी जेवू घातलं, मका आणि चिकन, मग त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "वेन्डेल, मला एक सांगायचंय. त्या वेळी ते कागद मी मागवले होते. मार्नीचा काही दोष नव्हता. मी तिला पुढे केलं आणि मी गप्प बसले." बारा वर्षं पाठ केलेलं वाक्य. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "कसले कागद?" मी पाकीट पुढे केलं. त्यांनी वरचं पान बघितलं, खालचं बघितलं, आणि परत दिलं. "मला यातलं कळत नाही बाई. तू मार्नीला विचार. ती म्हणेल तसं करू, ती हुशार आहे." मी तिथेच पायरीवर तोंडाला टॉवेल लावून बसले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि ते विचारत होते की कुणी काही बोललं का तुला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सकाळच्या वेळी त्यांना बरंच समजतं, तेव्हा नीट समजावून घ्या. कचेरीतल्या बाईने गुरुवारी सकाळी दोनदा समजावलं. त्यांनी मान हलवली, "मार्नीने बघितलंय ना?" असं मला विचारलं, आणि मी हो म्हटलं. मग त्यांनी सही केली. अक्षर पूर्वीसारखंच, K ची शेपटी लांब.

मी टेकाडावरच दोन खोल्या घेतल्या आहेत, कचेरीच्या मागे. शनिवारी आम्ही जातो. ब्रँडीला मी पुढच्या दोन आठवड्यांचं जेवण लिहून दिलंय, इथे आता तीच बघेल. डॉर्सी म्हणतो, तपासणी चालू राहील. फर्न माझ्या शेजारच्या खोल्या मागते आहे. म्हणते, "तुझ्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे, तू झाकणं उघडतेस."

आता ज्यासाठी दोनदा कागद फाडला ते लिहिते. रोज जेवण झालं की ते मला म्हणतात, मार्नीला फोन लाव. मी म्हणते, मैत्रिणीकडे गेलीय, आंघोळीला गेलीय, झोपलीय. मला हे आणखी करवत नाही. येत्या रविवारी दुपारी चारला, म्हणजे तुझ्याकडे दोन वाजता, मी नव्या घरातून नंबर लावणार आहे आणि फोन त्यांच्या हातात देणार आहे. नंबर अनोळखी दिसेल, म्हणून आधी कळवते. ते तुझ्याशी असे बोलतील, जणू तू सकाळी दप्तर घेऊन घरातून निघालीस. गणिताचं विचारतील. माफी मागणार नाहीत, कारण ज्याची मागायची ते त्यांच्याजवळ उरलेलंच नाही. ज्याच्याकडून ती तुला मिळायला हवी होती तो माणूस निघून गेला आणि मी त्याला वेळेवर बोलतं केलं नाही. त्यांच्या वतीने माफी मागायचा मला अधिकार नाही. माझी मागते. मी नळ सोडून उभी होते, मार्नी, आणि मला सगळं ऐकू येत होतं. तू फोन उचललास तर त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, खरं सांगितलंस तरी मी मधे पडणार नाही. आणि नाही उचललास, तर मी त्यांना सांगेन की मार्नी आता मोठी झालीय, तिचं दूर स्वतःचं घर आहे, आणि तिला वाटेल तेव्हा ती बोलेल. हे खरं आहे, आणि ते मला त्यांना समोर बसून सांगता येईल.

तुझीच,
आई